फळाच्या सालीने पाणी शुद्ध होतं का?



आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो आमच्याकडे चालत आला. काही दिवसांपूर्वी इथे नांद्यातच एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला गेलो होतो. सहावी-सातवीच्या मुलांनी दोन काचेचे ग्लास मांडले होते. दोन्हींत मोरचुदाचं फिकं निळं पाणी. एका ग्लासात वाळवून कुटलेली केळीची साल टाकलेली. तासाभराने त्या ग्लासातली निळाई बरीच उतरली होती, थोडी तपकिरी झाक आली होती, पण फरक कुणालाही दिसेल असा होता. मुलं खूश होती. तेवढ्यात एका मुलाच्या आईने आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "आमच्या सोसायटीत बोअरचं नि टँकरचं पाणी येतं. मग त्यात मी पण साली टाकू का?"

आम्ही म्हणालो, "ताई, लगेच हो म्हणता येत नाही, आणि नाही म्हणायचं तर कारण सांगायला हवं." ते कारण सांगायला पाण्याचा थोडा इतिहास सांगावा लागतो. तो आज सांगतो.

आधी जागा बघा. नांदे, चांदे, लवळे ही मुळेच्या खोऱ्यातली गावं. वर मुळशीचं धरण. ज्याच्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तेच. मुळेचं अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणात भिऱ्याला वीज करायला जातं. आणि इथे भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या, त्यांना पाणी पुरवतात बोअर आणि टँकर. खाली पुण्याकडे मुळा, मुठा, पवना या तिन्ही नद्या देशाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या सरकारी यादीत आहेत. म्हणजे त्या ताईंचा प्रश्न रिकामटेकडा नव्हता.

आता फळ आणि धातू यांचं नातं. हे नातं प्रयोगशाळेत सापडलेलं नाही, आपल्या आज्यांना ते पाठ होतं. तांब्या-पितळेची भांडी कशाने घासायची? चिंचेने. हिरवट थर चिंचेच्या कोळाने क्षणात निघतो. आणि पितळी पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवायची नाही, का? कळकते म्हणून. 'कळकणं' हा शब्द आता मुलांना समजावून सांगावा लागतो, कारण घरात स्टील आलं. आंबट पदार्थ पितळेतलं तांबं आणि जस्त ओढून घेतो, चव बिघडते, पोटात मळमळतं. त्यावर उपाय म्हणून कल्हई. दारोदार फिरणारा कल्हईवाला म्हणजे आपल्या समाजाने धातूच्या विषबाधेवर केलेली एक व्यवस्थाच होती असं म्हणा ना. (त्या कथिलात शिसं मिसळलेलं असलं तर काय, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडत नव्हता.)

चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक. या आम्लांच्या रेणूंना धातू पकडणारे हात असतात, रसायनशास्त्रात त्यांना कार्बॉक्सिल गट म्हणतात. आता गंमत बघा. केळी, संत्रं, सफरचंद, पेरू यांच्या सालीत पेक्टिन असतं. पेरूची जेली ज्याच्यामुळे धरते ते. फ्रान्समधल्या ब्राकोनोने १८२५ साली त्याला हे नाव दिलं. त्या पेक्टिनलाही तेच हात आहेत. फरक एवढाच, की चिंचेच्या कोळातलं आम्ल पाण्यात मोकळं फिरतं, म्हणून धातू भांड्यातून निघून पाण्यात येतो. सालीतले हात सालीला बांधलेले आहेत, म्हणून धातू पाण्यातून निघून सालीवर येतो. हात तेच, काम उलट. मुलांच्या ग्लासात हेच घडलं. हे एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे याच सालीवर आम्ल ओतलं की ती धातू सोडून देते, तेव्हा हे कामाला येईल.

बरं, पाण्यात फळ टाकायची कल्पना तरी नवी आहे का? मुळीच नाही. निवळीचं झाड आपल्या कोरड्या जंगलांत आहे, संस्कृतात त्याला कतक म्हणतात. कुचल्याचं भावंड. त्याची बी मडक्याच्या आतल्या बाजूला घासायची आणि गढूळ पाणी ओतायचं, गाळ तळाशी बसतो. सुश्रुतसंहितेत पाणी निवळवणाऱ्या सात गोष्टी दिल्या आहेत, त्यात निवळी आहे, शेवाळाचं मूळ आहे, मोती आहे आणि साधं कापडही आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत विहिरीचं पाणी सुधारायला नागरमोथा, वाळा, आवळा आणि निवळी यांचं चूर्ण टाकायला सांगितलं आहे. आफ्रिकेतही अशीच परंपरा आहे. नाईलचं गढूळ पाणी सुदानमधल्या बायका शेवग्याच्या जातीच्या बियांनी निवळतात, आणि सामिया अल अझारिया यान या बाईंनी १९७०-८०च्या दशकांत त्याचा पद्धतशीर अभ्यास केला.

यात एक गोष्ट नीट बघायला हवी. बृहत्संहितेतला तो नुस्खा कुठल्या पाण्यासाठी आहे? गढूळ, कडवट, खारट, वास येणाऱ्या. आणि नुस्ख्यानंतर ते कसं व्हायचं? स्वच्छ, गोड, सुवासिक. म्हणजे डोळा, जीभ आणि नाक हे तीन परीक्षक. हजारो वर्षं पाण्याची परीक्षा या तिघांनीच घेतली, आणि बहुतेक वेळा ती पुरेशी होती. गाळ बसला की त्याच्याबरोबर बरेच जंतूही बसतात.

इथे थोडं आडवळण घेतो. निवळीचा दाखला मनुस्मृतीतही येतो, सहाव्या अध्यायात, नुसत्या नावाने काम होत नाही अशा अर्थी. आणि ती मनुस्मृती महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळली गेली, ती पाण्याच्याच लढ्यात. त्याच वर्षी २० मार्चला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. नंतर सनातन्यांनी ते तळं 'शुद्ध' केलं, १०८ घागरी पंचगव्य ओतून. म्हणजे शेण आणि गोमूत्र तळ्यात घालून पाणी शुद्ध झालं असं जाहीर केलं! तेव्हा आपल्याकडे 'शुद्ध' या शब्दाचा एक अर्थ डोळ्याला निवळ, दुसरा जातीला चालणारं, आणि तिसरा, मोजून पाहिलेलं. हा तिसरा अर्थ सगळ्यांत उशिरा आला. आम्हाला वाटतं, आजही तो पुरता रुजलेला नाही.

तिसऱ्या अर्थाची गरज कशी पडली? १९५६ साली जपानमध्ये मिनामाटाचा आजार उजेडात आला. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत, माशांतून माणसांत. १९६८ साली जपान सरकारने मान्य केलं की 'इताई-इताई' या हाडं ठिसूळ करणाऱ्या आजारामागे खाणीतून नदीत आलेलं कॅडमियम आहे. ती नदी डोळ्याला नदीच दिसत होती. आपल्याकडेही कल्याणजवळ आंबिवलीच्या परिसरात काळू नदीत पारा आणि शिसं असल्याचं मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या संशोधकांनी दाखवलं. विरघळलेलं शिसं दिसत नाही, त्याला वास नाही, पाणी उकळलं तर ते जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. डोळा, जीभ, नाक, तिघेही नापास.

मग नवा डोळा लागला. ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन वॉल्श याने १९५५ साली अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन ही पद्धत मांडली. पाण्याचा फवारा ज्योतीत सोडायचा आणि ठरावीक प्रकाश किती शोषला जातो ते मोजायचं. लिटरमधले सूक्ष्म धातू मोजणं त्यामुळे सोपं आणि बरंच स्वस्त झालं. मापन हाती आल्यावर मगच काढण्याचे प्रयोग वाढले. १९७२ साली अमेरिकेतल्या शेतीखात्याचे फ्रीडमन आणि वाईस यांनी शेतमालावर आणि त्याच्या टाकाऊ भागांवर पारा किती चिकटतो ते मोजलं. पुढे झाडांच्या साली आणि शेंगदाण्याची टरफलंही तपासली गेली. शेतीखातं कशाला यात पडलं? कारण त्यांच्याकडे टाकाऊ मालाचे ढीग होते. हा धागा लक्षात ठेवा, 'कचऱ्याला काम द्या' ही इच्छा या सगळ्या इतिहासात सतत दिसते.

महाराष्ट्राचा वाटा यात लहान नाही. नागपूरला १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था सुरू झाली, तीच १९७४ पासून नीरी. नागपूरच्या देशकर, बोकडे आणि दारा यांनी १९९० साली अंजनाच्या सालीवर प्रक्रिया करून पाण्यातला पारा काढल्याचा निबंध प्रसिद्ध केला. अंजन म्हणजे आपला खानदेश-विदर्भातला चिवट वृक्ष. आणि इथून फार लांब नाही, पुण्यात आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर आणि त्यांचे सहकारी १९९०च्या दशकात जंतूंच्या मृत पेशींवर धातू कसे चिकटतात यावर काम करत होते. १९९७ साली पुराणिक आणि पाकणीकर यांनी एका सूक्ष्मजीवाच्या टाकाऊ जैवभाराने शिसं आणि जस्त काढल्याचं दाखवलं. पुढच्याच वर्षी पेठकर आणि पाकणीकर यांचं काम आलं, बुरशीपासून केलेल्या मण्यांनी द्रावणातलं सोनं गोळा करण्याचं. ते फळ नव्हतं, पण तत्त्व तेच. आणि सोन्याचं उदाहरण मुद्दाम सांगितलं. धातू परत मिळवून विकता येत असेल तर ही पद्धत कारखान्याला परवडते.

२००० नंतर फळांची लाटच आली. २००३ साली अण्णादुराई आणि सहकाऱ्यांनी केळी आणि संत्र्याच्या सालींवरचे आकडे दिले. केळीच्या एक ग्रॅम सालीवर साधारण ८ मिलिग्रॅम शिसं. जपानमध्ये साग्याला इनोऊए यांच्या गटाने संत्र्याच्या चोथ्यावर लोह चढवून आर्सेनिक धरलं. लोह का चढवावं लागलं? कारण पाण्यातलं आर्सेनिक ऋणभारित रूपात असतं आणि नुसत्या सालीचे हातही ऋणभारितच, दोघं एकमेकांना ढकलतात. पिलानीला गुप्ता आणि बाबू यांनी चिंचोक्यांनी क्रोमियम काढलं. सिंगापूरला मल्लमपती आणि वालियावीटिल यांनी टोमॅटो आणि सफरचंदाच्या साली घेतल्या. यादी वाढवत नेता येईल, पण तिथे काही नवं सांगण्यासारखं उरत नाही. फळ बदलतं, निबंध तोच राहतो.

जगभर बातमी झाली ती २०११ साली. ब्राझीलच्या गुस्तावो कास्त्रो यांच्या गटाने केळीची साल वापरून पाराना नदीच्या पाण्यातलं तांबं आणि शिसं धरलं, आणि तीच साल अकरा वेळा वापरता आली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, केळीच्या सालीने पाणी शुद्ध होतं. आमच्या विज्ञान प्रदर्शनातला ग्लास थेट त्या बातमीतून आलेला आहे. पण तो निबंध मुळात कशासाठी होता? पाण्यात अगदी थोडा असलेला धातू सालीवर गोळा करून, मग थोड्याशा आम्लात सोडवून, मोजण्याजोगा दाट करण्यासाठी. म्हणजे साल ही मोजणीची मदतनीस होती. प्यायचं पाणी तयार करण्याचा दावा त्यात नव्हता. आपण मात्र पहिल्या अर्थावर परत गेलो, निळं फिकं झालं म्हणजे शुद्ध झालं.

आता ताईंच्या प्रश्नाचा गाभा, आणि इथे थोडा हिशोब करू. भारतीय मानक १०५०० प्रमाणे प्यायच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. कॅडमियम ०.००३. प्रयोगशाळेत सुरुवात होते बहुधा लिटरला ५० किंवा १०० मिलिग्रॅमपासून. समजा १०० होतं आणि सालीने ९५ टक्के काढलं. मथळा झकास आहे. पण उरलं किती? ५ मिलिग्रॅम. मानकाच्या पाचशे पट. त्या ग्लासातलं पाणी डोळ्याला नितळ आहे, आणि मूल ते रोज प्यायलं तर त्याच्या मेंदूवर परिणाम होईल.

कुणी म्हणेल, आमच्या बोअरमध्ये १०० कुठे असणार, असलं तर ०.०५ असेल, ते तरी निघेल ना? इथे लँगम्यूर आठवावा लागतो. १९१८ साली त्याने मांडलं की पृष्ठभागावर बसायच्या जागा मोजक्या असतात, एसटीच्या सीटसारख्या. स्टँडवर गर्दी असली की सीटा पटापट भरतात, प्रवासी तुरळक असले की बस बरीचशी रिकामीच सुटते. पाण्यात शिसं विरळ असेल तर ग्रॅमला ८ मिलिग्रॅमची ती क्षमता भरतच नाही. शिवाय बसमध्ये दुसरेही चढतात. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड असतं, कपड्यांना साबण फेसाळत नाही. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम शिशाच्या हजारो पटींनी जास्त, आणि तेही त्याच सीटा मागतात. सालीला शिसं जास्त आवडतं हे खरं, पण इतक्या गर्दीत आवडीचा माणूस सापडायला हवा. अनेक निबंधांतलं पाणी ऊर्ध्वपातित असतं, त्यात ही गर्दीच नसते.

आणि साल स्वतः काही स्वस्थ बसत नाही. तिच्यातली साखर आणि टॅनिन पाण्यात उतरतात, पाणी तपकिरी होतं, दोन दिवसांत वास मारतं, जंतूंना जेवण मिळतं. धातूच्या भीतीने जुलाब घरात आणायचे, असा प्रकार.

उरला कचऱ्याचा प्रश्न, जो आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. धातू नाहीसा होत नाही, जागा बदलतो. प्रदर्शनात आम्ही मुलांना विचारलं, "वापरलेल्या साली कुठे टाकल्या?" एकाने अभिमानाने सांगितलं, "सर, कंपोस्टच्या खड्ड्यात." तो खड्डा शाळेच्या अळूच्या वाफ्यासाठी होता. तांबं होतं म्हणून फार बिघडलं नाही, तरी आम्ही त्यांना त्या साली काढून बरणीत भरायला लावल्या. शिसं असतं तर ते अळूच्या वड्यांतून घरोघरी पोचलं असतं. गावात अशी साल गाईपुढेही पडू शकते.

मग हे पन्नास वर्षांचं काम वाया गेलं का? आमचं मत, नाही, पण त्याची जागा स्वयंपाकघर नाही. जागा आहे कारखान्याचा नळ. भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात धातूवर मुलामा चढवणारे छोटे कारखाने आहेत. त्यांच्या धुण्याच्या पाण्यात निकेल, तांबं, जस्त भरपूर असतं, म्हणजे एसटीच्या सीटा भरतात. पाणी कुणी पिणार नसतं. साल भरली की आम्लाने धुऊन धातू परत घेता येतो, आणि उरलेला चोथा घातक कचरा म्हणून नोंदवून पाठवता येतो. जळगावची केळी, नागपूरची संत्री, कोकणातले आंब्याचा रस काढणारे कारखाने, कच्चा माल तर आहे. अडतं ते दुसरीकडे. आंब्याची साल दोन महिने मिळते, सांडपाणी बारा महिने येतं. दर गाडीतल्या सालीचा दर्जा वेगळा. आणि चुना टाकून धातू गाळात बसवणं हे कारखानदाराला ओळखीचं आणि स्वस्त आहे, मग तो गाळ पुढे कुठे जातो हे विचारणारं कुणी असलं तर असलं. महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा १९६९ सालीच केला, देशाच्या १९७४च्या कायद्याआधी. म्हणजे कायद्याअभावी हे अडलेलं नाही.

एका बाबतीत मात्र फळ आपल्या स्वयंपाकघरात खरंच पोचलेलं आहे, आणि ते कुणाला माहीत नसतं. पहिल्या महायुद्धात १९१५ साली विषारी वायू वापरला गेला, मग मुखवट्यांसाठी चांगला कोळसा हवा झाला. नारळाच्या करवंटीचा कोळसा उत्तम ठरला. १९१८ साली अमेरिकेत घराघरांतून पीचच्या कोयी आणि अक्रोडाची टरफलं गोळा करायची मोहीम निघाली. तोच करवंटीचा सक्रिय कोळसा आज पाणी शुद्ध करायच्या यंत्रातल्या एका नळकांड्यात असतो. पण तो मुख्यतः क्लोरीन, वास आणि कीटकनाशकांसारखे पदार्थ धरतो. विरघळलेल्या धातूंचं काम बहुतांशी पुढचा आरओचा पडदा करतो, आणि त्याने अडवलेलं सगळं त्या वाया जाणाऱ्या पाण्यातून मोरीत जातं. म्हणजे परत जागा बदलली.

ताईंना शेवटी आम्ही सांगितलं ते असं. साली टाकू नका. आधी पाणी तपासून घ्या. ग्रामपंचायतीत जो तपासणीचा संच असतो त्यात गढूळपणा, जडपणा, क्लोराईड, नायट्रेट, फ्लोराईड अशा गोष्टी कळतात, शिसं-कॅडमियम कळत नाही. ते प्रयोगशाळेत नाव घेऊन मागावं लागतं: शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक मोजून हवं आहे असं. सोसायटीने मिळून केलं तर खर्च वाटला जातो, आणि बोअर व टँकर दोन्हींचे वेगळे नमुने द्या. नमुना घरच्या बाटलीत नेऊ नका, प्रयोगशाळेकडूनच बाटली घ्या. ते त्यात थोडं नायट्रिक आम्ल घालतात. का घालतात ते आता तुम्हाला कळेल. नाहीतर पाण्यातला धातू वाटेतच बाटलीच्या भिंतीला चिकटतो, आणि पाणी आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं.